पश्चिमेची गॅलरी, चौदा कुंड्या आणि कूलरचं पाणी

पार्श्वभूमी

घर दक्षिण नागपुरातल्या एका तीन मजली सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात चौघं. ताई सकाळच्या शाळेत शिकवतात, त्यांचे यजमान मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, शिफ्टवर, मुलगी सातवीत, आणि काटोलकडच्या गावाहून दोन वर्षांपूर्वी इकडे राहायला आलेल्या सासूबाई, म्हणजे मुलीच्या आजी. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, बाकी प्रकरण जसं घडलं तसंच आहे.

जागा म्हणजे पश्चिमेची गॅलरी, दहा फूट बाय साडेतीन फूट. त्यातले अडीच फूट उन्हाळ्यात कूलरच्या स्टँडचे. स्वयंपाकघराला पूर्वेकडे एक खिडकी आणि तिला बाहेर आलेली ग्रिल. बस. गॅलरीत तुळस होती आणि कपड्यांची दोरी. आजींना मातीत हात घातल्याशिवाय करमत नव्हतं आणि ताईंना घरचा सांबार हवा होता. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

गुढीपाडव्याला मुहूर्त केला. आठ इंची काळ्या प्लास्टिकच्या चौदा कुंड्या आणल्या. शेजारच्या प्लॉटवर पायव्याचं खोदकाम सुरू होतं, तिथली काळी माती सिमेंटच्या चुंगड्यांत भरून फुकट मिळाली. त्यात मूठमूठ शेणखत. चार कुंड्यांत टमाटर, दोनात वांगी, दोनात मिरची, चारात मेथी-पालक-सांबार, एकात पुदिना आणि एकात गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता. एकूण खर्च एकोणीसशे रुपये.

कुंड्यांच्या सल्ल्यासाठी मला फोन आला तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा चौदांपैकी तीन जिवंत होत्या.

अडचण

फोनवर ताईंनी दोनच गोष्टी सांगितल्या: ऊन फार आहे, आणि पाणी तर दोन वेळा टाकतो. दोन्ही खरं होतं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंश कोणाला नवीन नाही, २०१३ साली पारा ४७.९ पर्यंत गेला होता. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही गरम राहिलं की टमाटराचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल येतं आणि गळतं. मार्चअखेरीस लावलेलं टमाटर नेमकं फुलावर येतं ते या भट्टीत. म्हणजे ती चार रोपं लावली त्या दिवशीच हरलेली होती. पण मेथीसुद्धा का मेली? आणि दोन वेळा पाणी घालून माती कोरडी का?

जाऊन पाहिलं. एक कुंडी उलटी करून तळव्यावर ठोकली. मातीचा गड्डा अख्खा बाहेर आला, खरवडलेल्या गुळाच्या ढेपीसारखा. बाहेरून ओलसर, चकचकीत. खुरप्यानं मधोमध फोडला तर आत राखेसारखी कोरडी भुकटी, आणि मुळं सगळी कडेच्या पातळ थरात गुंडाळलेली.

काळ्या मातीचा हा स्वभाव आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. शेतात भेगा पडतात त्या दिसतात. कुंडीत भेग पडते ती माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. वरून पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि तळाच्या भोकातून बाहेर. ताईंना वाटायचं, भोकातून पाणी आलं म्हणजे झाड पोटभर प्यायलं. झाड उपाशी होतं आणि पाणी गॅलरीत.

गॅलरीतून ते जायचं पहिल्या मजल्यावर. तिथल्या काकूजींनी एका सकाळी उडदाचे पापड वाळत घातले होते, धोतराच्या पानावर, ओळीनं. वरून गढूळ पाण्याची धार आली. काकूजी जिना चढून वर आल्या, हातात एक ओला पापड. "काहून हो, मी का पापड धुवायला घातले होते का?" ताईंनी माफी मागितली. त्या दिवसापासून पाणी अर्ध्यावर आणलं, चोरून, रात्री अकरानंतर. उरलीसुरली मेथी त्या आठवड्यात गेली.

तिसरी गोष्ट मला दिसली ती कुंड्यांच्या काठावर. पांढरा थर, नखानं खरवडला तर निघेल असा. वांग्याच्या उरलेल्या पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी, मधला भाग मात्र हिरवा. नुसत्या उन्हानं भाजलेलं पान असं दिसत नाही, उन्हाचे डाग जिथे ऊन पडतं तिथे पडतात. मी विचारलं, पाणी कुठलं घालता? ताई जरा अभिमानानं म्हणाल्या, "नळाचं नाही वाया घालवत. कूलरच्या टाकीतलं काढून टाकतो."

इथे सगळं कळलं. कूलर चालतो तेव्हा पाणी उडून जातं आणि पाण्यातले क्षार टाकीत मागे राहतात. आपण रोज वरून भर घालतो, टाकी मात्र आठ-आठ दिवस रिकामी करत नाही. त्यात कूलरला बोअरचं पाणी, ते आधीच जड. ताईंचा विश्वास बसेना, म्हणून दोन स्टीलच्या ताटल्या मागवल्या. एकीत तीन चमचे नळाचं पाणी, दुसरीत तीन चमचे कूलरचं, दोन्ही गॅलरीच्या कठड्यावर. मेच्या उन्हात वाळायला किती वेळ लागतो! नळाच्या ताटलीत फिकट ठिपके राहिले. कूलरच्या ताटलीत पांढरं कडं उमटलं, रांगोळीनं काढल्यासारखं. मुलीनं त्याचा फोटो काढून घेतला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे सोडून देणं. तो ताईंच्या यजमानांचा होता आणि तो हास्यास्पद नव्हता. भाजी बाजारात स्वस्त पडते, हे खरंच आहे.

दुसरा, सगळं गच्चीवर नेणं. ऊन भरपूर, पण गच्ची सोसायटीची. गळतीवरून आधीच वाद होते, आणि पाण्याचा नळ गच्चीवर नव्हता. रोज दोन जिने बादल्या कोण चढवणार?

तिसरा, टायमर लावलेलं ठिबक. यूट्यूब पाहून मुलीनं सुचवलं. माझं मत विरोधात होतं. मातीतली फट तशीच असेल तर ठिबकही फटीतूनच जाईल, आणि पाणी कूलरचंच असेल तर क्षार फक्त वेळेवर पोचतील. आधी आजार, मग यंत्र.

चौथा पर्याय सगळ्यात कंटाळवाणा: पाऊस येईपर्यंत काहीही पेरायचं नाही. कुंड्या कमी करायच्या, मोठ्या करायच्या, माती पुन्हा बांधायची आणि हंगाम पाहून लावायचं. ताईंना हा पटायला वेळ लागला. नर्सरीत मे महिन्यातही रोपं टवटवीत दिसतात, मग आपणच का थांबायचं? कारण नर्सरीत वर हिरवी नेट असते आणि दिवसभर पाइप घेऊन फिरणारा माणूस असतो.

चौथा ठरला. पूर्वेची ग्रिल त्यात जोडली, कारण तिथे सकाळचं तीनेक तास कोवळं ऊन येत होतं आणि आजवर तिथे फक्त रिकामे डबे ठेवले जात होते.

वाचलेल्या तीन झाडांवरून थोडा वाद झाला. पुदिना आणि गोडलिंब ठेवायचे हे उघड होतं. मिरचीचं एक रोप होतं, दोन काटक्या आणि चार पानं. मी म्हटलं, फेकून द्या, रोप दहा रुपयाला मिळतं. आजी दारातूनच म्हणाल्या, "मिरची मरत नसते जी अशी. डोकं छाटा तिचं, सावलीत ठेवा, पाऊस आला की मग पाहा." मी मान हलवली, मनात म्हटलं, ठेवा.

काय केलं

आधी काकूजी. मला वाटलं होतं, कुंड्यांखाली ट्रे ठेवले की भागेल. पण गॅलरी धुतली तरी खाली पाणी पडत होतं. वाकून पाहिलं तेव्हा कळलं, गॅलरीच्या निचऱ्याचा पाइप भिंतीबाहेर जेमतेम चार बोटं आलेला. पाणी भिंतीला धरून खालच्या कठड्यावरच उतरायचं. प्लंबरनं कोपर बसवून पाइप खालच्या मुख्य नळीत सोडला. हे भांडण कुंड्यांचं नव्हतंच, बिल्डरनं वाचवलेल्या दोन फूट पाइपाचं होतं. ट्रे तरीही ठेवले, कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून, आणि पावसाळ्यात ट्रे कोरडे ठेवायचे हे मुलीच्या अंगावर टाकलं. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

मग भांडी. आठ इंची कुंडीत जेमतेम चार-साडेचार लिटर माती मावते. तेवढी माती मेच्या दुपारी पटकन सुकते, वर काळं प्लास्टिक तापून मुळं शिजवतं ते वेगळंच. त्या जागी पेंटच्या वीस लिटरच्या चार बादल्या घेतल्या, तळाला आणि तळापासून इंचभर वर कडेला भोकं पाडून, बाहेरून चुना मारून पांढऱ्या केल्या. पालेभाजीसाठी फळवाल्याकडून दोन प्लास्टिकचे क्रेट, आत जुन्या ग्रीन नेटचं अस्तर. मेडिकल स्टोअरकडून थर्माकोलचे दोन खोके फुकट मिळाले. दिसायला गबाळे, पण उष्णता अडवायला त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही. ते ग्रिलमध्ये बसले. जुन्या कुंड्यांतल्या चारच ठेवल्या.

वजनाचा प्रश्न यजमानांनी काढला आणि तो बरोबर होता. ओल्या मिश्रणाची वीस लिटरची बादली पंचवीस किलोच्या आसपास भरते. सगळं मिळून दोनशे किलोच्या आत राहत होतं. भारतीय मानकात राहत्या घराच्या गॅलरीचा भार चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात आणि ही गॅलरी सव्वातीन चौरस मीटरची. तरी बादल्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीला लागून ठेवल्या. कठड्यावर अडकवायच्या कुंड्यांना मी सरळ नाही म्हटलं. आपल्याकडचं जूनमधलं वादळ ज्यानं पाहिलंय त्याला कारण विचारावं लागत नाही.

माती फेकली नाही. काळी माती वाईट नसते, एकटी वाईट असते. तिच्यात अन्न धरून ठेवायची ताकद भरपूर आहे, हवा नाही. आजींनी ढेकळं वाळवून बत्त्यानं फोडली आणि चाळली. एक घमेलं काळी माती, एक घमेलं गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा; दोनदा धुऊन, कारण त्यातही मीठ असतं), आणि अर्धं घमेलं धानाचं तूस. भंडाऱ्याहून येणाऱ्या एका ओळखीच्यांनी पोतंभर आणून दिलं. मूठभर मिश्रण ओलं करून दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा, एवढीच परीक्षा. फक्त वाळू घालून भागत नाही का, असं ताईंनी विचारलं. थोड्या वाळूनं काळी माती विटेसारखी बसते. मोकळेपणा येतो तो कुजलेल्या काडीकचऱ्यानं.

क्षारांसाठी पावसाची वाट पाहिली. मृगाची सुरुवात कोरडी गेली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला दणका आला तेव्हा वाचलेल्या तिन्ही कुंड्या दोन दिवस गच्चीवर उघड्या ठेवल्या. पाऊस नसता तर कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट चांगलं पाणी हळूहळू ओतावं लागलं असतं. कूलरचं पाणी आता मोरीत जातं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं, ते हवेतलं बाष्प असतं, त्यात क्षार नसतात.

पाण्याची रीतही बदलली. सकाळी सहाला, दोन फेऱ्यांत: पहिल्यांदा थोडं, दहा मिनिटांनी पुन्हा. पहिल्या फेरीत माती फुगून फट बुजते, दुसऱ्यात पाणी आत मुरतं. टाकायचं की नाही हे आजींची स्वेटरची सुई ठरवते. सुई मातीत खुपसायची, ओली माती चिकटून आली तर राहू द्यायचं.

जुलैत दोन बादल्यांत भेंडी आणि एकात चवळी लागली. क्रेटमध्ये मेथी-पालक दसऱ्यानंतर, ग्रिलमध्ये सांबार. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फोडी करायच्या, हे आजींना मी सांगायची गरज नव्हती.

हिवाळ्यातली माझी चूक

सप्टेंबरअखेरीस मी दोन बादल्या टमाटरासाठी राखायला सांगितल्या. मेमध्ये मी स्वतः उन्हाची वेळ मोजली होती: दुपारी एकपासून साडेसहापर्यंत, साडेपाच तास थेट. टमाटराला चांगलं. नोव्हेंबरच्या मध्यावर ताईंनी फोटो पाठवला. रोपं उंच, बारीक, कठड्यावरून बाहेर वाकलेली, फुलं मोजून पाच.

गॅलरीच्या नैऋत्येला एक चार मजली इमारत आहे. मेमध्ये ती मला दिसली होती, पण अडसर वाटली नाही, कारण उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो. नवतप्यात, २६ मेच्या सुमारास, तर नागपुरात भरदुपारी तो थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरात तोच दक्षिणेकडून तिरपा जातो आणि अडीचलाच त्या इमारतीमागे बुडतो. साडेपाच तासांचे दोनही उरले नव्हते. मी उन्हाळ्याच्या मापानं हिवाळ्याचा सदरा शिवला होता.

आता दोन वाटा होत्या. टमाटर सोडून तिथे मेथी पेरायची, किंवा बादल्या गच्चीवर हलवायच्या. ताईंनी सोसायटीच्या सचिवांना विचारलं. फक्त दोन बादल्या, खाली विटा आणि ट्रे, बीमच्या वरच्या जागेवर, आणि काही गळलं तर जबाबदारी आमची, असं लिहून दिलं. परवानगी मिळाली. काकूजींनी त्या बैठकीत हरकत घेतली नाही, बाजूनंही बोलल्या नाहीत. पाणी चढवायचं काम यजमानांनी घेतलं, शिफ्टवरून आल्यावर, दर दिवसाआड एक बादली. हिवाळ्यात तेवढं पुरतं.

निष्पत्ती

मुलीनं वहीत नोंद ठेवली होती. भेंडी दोन बादल्यांतून अडीच किलो. मेथी तीन वेळा. टमाटर तीन किलोला थोडं कमी, तेही जानेवारी-फेब्रुवारीत, गच्चीवर गेल्यावरच. सांबार नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत विकत आणला नाही, आणि एका रविवारी ग्रिलमधले दोन्ही खोके रिकामे करून सांबारवडी झाली. चवळीच्या शेंगा मूठमूठच, पण दोऱ्यावर चढलेल्या वेलानं ऑक्टोबरच्या उन्हात भिंत थंड ठेवली. वांगं पुन्हा एकदा लावून पाहिलं, पिठ्या ढेकणानं खाल्लं. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी तीनदा फवारलं, चौथ्यांदा ताईंनी झाड उपटून टाकलं. मला ते पटलं. गॅलरी लहान असली की आजारी झाडाला बरं करण्यात शेजारची चार गमावतात.

मिरची. जी मी फेकायला सांगितली होती ती. जूनमध्ये वीतभर ठेवून छाटली, जुलैत फुटली, ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत लागत राहिली. वहीत तिचं वजन नाही, कारण आजी स्वयंपाक करता करता थेट तोडून आणतात.

दुसऱ्या फेरीचा खर्च सोळाशे. पैशाचा हिशेब जुळला नाही, तो जुळणारही नव्हता. यजमानांनी तसं दोनदा बोलून दाखवलं, तिसऱ्यांदा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पाडव्याचा मुहूर्त वाईट नाही, पण कुंडीबागेसाठी नागपुरात तो उलटा पडतो. समोर अडीच महिने भट्टी असते. नवीन माणसानं जूनच्या पावसावर किंवा दसऱ्याच्या आसपास सुरुवात करावी, आणि पाडव्याला फक्त माती आणि भांडी जमवावीत. चौदा कुंड्यांऐवजी चार मोठ्या बादल्यांनी सुरू केलं असतं तर पहिले एकोणीसशे रुपये गेले नसते.

उन्हाचं माप मी आता वेगळ्या रीतीनं घेतो. उन्हाळ्यातली पौर्णिमा साधारण त्याच वाटेनं जाते ज्या वाटेनं डिसेंबरातला सूर्य जातो. ताईंच्या गॅलरीत वटपौर्णिमेला मध्यरात्रीनंतर उभं राहिलो असतो तर चंद्र त्या इमारतीमागे जाताना दिसला असता आणि टमाटराच्या बादल्या पहिल्या दिवसापासून गच्चीवर गेल्या असत्या. त्या वेळी हे सुचलं नाही.

काकूजींकडे मात्र पापड भिजायच्या आधी जायला हवं होतं. पाइप आखूड आहे हे त्यांना कित्येक वर्षं माहीत होतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

या मार्चमध्ये कूलर पुन्हा बाहेर आला आणि त्याच्या जागेवर ठेवलेला पालकाचा क्रेट काढावा लागला. पालक तसाही संपतच आला होता. दोन बादल्या रिकाम्या करून माती पोत्यात भरून ठेवली आहे. गॅलरीत नेटखाली पुदिना, गोडलिंब आणि मिरची एवढंच आहे. सोसायटीनं पावसाआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढायचं ठरवलंय, त्यामुळे वरच्या दोन बादल्या खाली आल्या आहेत. काम झाल्यावर त्या परत वर जाऊ द्यायच्या की नाही, हा विषय पुढच्या बैठकीत आहे.